शिवेवरचं हिरवं लुगडं

बाप कुऱ्हाड घेऊन झोपडीच्या दारात उभा होता आणि आत त्याचा पोरगा पटकीनं ओकत होता. हवालदार थोडे अलीकडेच थांबले. मी त्यांच्या मागं.

"इथं कोनी नाही," बाप म्हणाला.

"कुऱ्हाड खाली ठेव."

"पयले सांगा, तुमाले गावानं धाडलं का सरकारनं?"

"हा डगला काय गावानं शिवून देला का मले?" हवालदार आमच्याच भागातले. रागावले की घरची बोली तोंडात यायची. "ठेव खाली."

त्यानं कुऱ्हाड टाकली नाही, नुसती खाली केली. तेवढ्यात मला आतलं दिसलं. जमिनीवर सतराएक वर्षांचा पोरगा पडलेला. त्याच्या अंगावर नवं हिरवं लुगडं पांघरलेलं. उशाशी, डोक्याला चिंध्या बांधलेली एक बाई एका हातानं त्याच्या ओठांना पाणी लावत होती. दुसरा हात तिला हलवता येत नव्हता.

सकाळी आम्ही ठाण्यातून निघालो होतो ते त्या बाईचं प्रेत शोधायला.

ही गोष्ट मला अजून जशीच्या तशी आठवते. म्हातारपणी माणूस बरंच विसरतं, मीही विसरले, पण हे नाही. पहिल्यापासून सांगते.

मी अधिकारी नव्हते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवरा पोलिसात शिपाई होता, तो वारला, आणि ठाणेदार साहेबांनी मला वाशीमच्या ठाण्यात ठेवून घेतलं. बाई आरोपी आली की तिची झडती घ्यायची, कोठडीत तिच्यावर नजर ठेवायची, बायकांचे जबाब असले की जवळ बसायचं. पगार खात्याचा, हुकूम खात्याचा, म्हणून मी स्वतःला पोलीसच समजत आले. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी नसू द्यावं.

लढाईचे दिवस होते. कापड रेशनवर होतं आणि तेही मिळत नव्हतं. श्रावण संपत आला होता आणि आमच्या भागात पटकीची साथ होती. एका दुपारी वाशीमचाच एक जैन कापड दुकानदार ठाण्यात आला. आठवडी बाजार करून दमणीतून परत येताना एका गावाच्या शिवेवर त्यानं गर्दी पाहिली होती. लोकांच्या हातात दगड होते आणि एक बाई खाली पडलेली होती. गाडीवान घाबरला, त्यानं बैल थांबवले नाहीत.

"माझं नाव लिहू नका," तो हवालदारांना म्हणाला. "मला त्या गावात धंदा करायचाय. पण कालपासून घास गिळवत नाही."

गावाचं नाव मीही लिहीत नाही. आसेगावच्या वाटेवरचं, एवढं पुरे. माणसं अजून नांदतात तिथं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. रिवाजाप्रमाणे आधी पोलीस पाटलाकडे. पाटील म्हणाले, "साथ हाय साहेब, बाकी सारं बरं हाय." हवालदार पुरुषांना घेऊन चावडीवर बसले आणि मी पाटलांच्या ओसरीत बायकांना घेऊन बसले. एकेकीला विचारलं. परकी बाई आली होती का? "नाही पाहिली." गर्दी कशाची होती? "नाही पाहिली." सगळ्यांचे शब्द तेच. माणसं खरं सांगतात तेव्हा एकीचं दुसरीशी थोडं तरी जुळत नाही. इतकं जुळतं तेव्हा कोणीतरी पढवलेलं असतं.

तिथं येताना शिवेवर मी मरीआईचा गाडा पाहिला होता. आमच्याकडे पटकी आली की लहानसा लाकडी गाडा करतात, त्यावर देवीला बसवतात, ओटी भरतात आणि डफडं वाजवत गाव तो शिवेबाहेर ओढून सोडतं. गाड्याबरोबर रोग जातो अशी समजूत. गाड्यावरच्या वस्तूला कोणी हात लावत नाही. लावला आणि तो माणूस गावात आला, तर रोग त्याच्याबरोबर परत येतो. या गाड्यावर नारळ होता, बांगड्या होत्या, खण होता. लुगडं नव्हतं. हवालदारांनी जवळच्या दगडांवरचे डाग पाहिले. मी लुगडं नाही हे पाहिलं.

पाटलांच्या म्हाताऱ्या आईला मी विचारलं, "आईची ओटी कोणी भरली, आत्या?"

"म्याच भरली. दुसरं कोन भरन?"

"लुगडं घातलं का? की रेशनमुळं खणावरच भागवलं?"

"वा वं बाई! भागवाले काय झालं? सुनेसाठी ठेवलेलं कोरं हिरवं लुगडं देलं म्या आईले!"

"मग आता गाड्यावर का नाही?"

  भिंतीशी एक तरणी बाई बसली होती. ती एकदम ओरडली, "तिनं नेसलं! त्या रांडेनं नेसलं! माह्या लेकराची माती वल्ली हाय अजून, आन् ते आमचं मरन अंगावर नेसून गावात येऊन राह्यली होती! पयला गोटा म्याच मारला. लिहा, लिहून घ्या!"

एका प्रश्नात सगळं बाहेर आलं. मग प्रत्येकीला बोलायचंच होतं. ती बाई मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, निंदणाचं काम शोधत आलेली. अंगावर फाटून जाळी झालेलं वस्त्र. तिला आमच्याकडची शीव काय ठाऊक? रस्त्याच्या कडेला सोडलेल्या गाड्यावर कोरं लुगडं दिसलं, तिनं अंग झाकलं. एवढाच तिचा गुन्हा.

"मग ती कुठं आहे?" मी विचारलं.

"पडली होती थ्या बाभळीखाली. सकाळी पाहाले गेलो तं नव्हती. आईनंच उचलून नेली."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरोखर तसं वाटत होतं. रात्री पाऊस झाला होता, माग काही उरला नव्हता. मी पाणी प्यायला म्हातारीच्या मागून स्वयंपाकघरात गेले. मागच्या दारात पंधरा-सोळा वर्षांची एक पोरगी उभी होती.

"आजी, चिमूटभर हळद द्या ना."

"काल नेली ना वं? तुह्याच लग्नाची हळद लागाची राह्यली का काय?"

"बैलाचं खांद सोललं."

"बैलाचं? तुह्या बापाले बैल कवाचा झाला? पोळ्याले मातीचा पुजता तुमी!"

म्हातारी हसली आणि हळद दिली. पोरगी हसली नाही. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेली. डोक्यावर एकच घागर होती, तीही काठोकाठ नव्हती.

"कोणाची?" मी विचारलं.

"वावरात राह्यते. माय नाही. बाप भांडखोर, गावाशी पटत नाही त्याचं. एक भाऊ हाय, थो बी बापासारखाच."

मी म्हातारीला काही बोलले नाही. चावडीवर जाऊन हवालदारांना बाजूला घेतलं. जिला बैल नाही ती बैलासाठी हळद नेते, म्हणजे घरात जखम आहे आणि ती सांगण्यासारखी नाही. आम्ही दोघंच गेलो. गावाला कळलं असतं तर आमच्या आधी गाव पोचलं असतं.

आणि झोपडीच्या दारात तो कुऱ्हाड घेऊन उभा होता.

मी त्याच्या बाजूनं आत शिरले. त्यानं अडवलं नाही. पोरगी चुलीशी हळद कालवत बसली होती. मी बाईचं डोकं पाहिलं, जखम धुतलेली होती, हळदीचा लेप व्यवस्थित होता. पोराची अवस्था मात्र वाईट होती. डोळे आत गेलेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी.

"याला कधीपासून?"

"काल सांजेपासून," पोरगी म्हणाली. "हिरीचं पानी बाईले ठेवत होतो. एकच घागर आनतो आमी रोज. दोन नेल्या असत्या तं बायायनं पुसलं असतं, काहून म्हनून. मंग आमी दोघं नाल्याचं पेलो."

हवालदार दारातूनच बोलत होते. लुगड्याकडे त्यांनी पाहिलं नव्हतं, पाहिलं तरी लगेच मान फिरवली. तेही याच मातीतले. "तुमी आनलं तिले?" त्यांनी विचारलं.

उत्तर बापानं दिलं. "मी नको म्हनलो होतो. मी म्हनलो, मरू द्या, आपल्याले गावात राहाचं हाय. तं हे दोघं म्हनते, बाबा, तुमी झोपा. झोपा म्हनते मले! आन् भर पान्यात गेले आन् घेऊन आले खाटल्यावर टाकून. ऐकलंच नाही माह्यं!"

हे सांगताना त्याचं तोंड असं झालं होतं की जणू त्याच्या बैलजोडीनं शंकरपटाची शर्यत जिंकली. मला राग आला. पोरगं समोर मरायला टेकलंय आणि हा मिरवतोय.

पोराला बोलता येत होतं तोवर जबाब घेणं भाग होतं. असल्या वेळी थांबलं तर पुरावा जातो. हवालदार आत आले, उकिडवे बसले. "दगड कोनी मारले?"

"नाही दिसलं. अंधार होता."

"भर दुपारी अंधार?"

"काहून खोटं बोलतं बे?" पोरगी चिडली. "तूच तं वावरातल्या बाभळीवर चढून पाहात होता! मले येऊन सारे नावं सांगतले!"

"तू गप." त्यानं श्वास घेतला. "हवालदार साहेब, बाई जित्ती हाय ना? मंग नावं कायले पायजे? मले याच गावात राहाचं हाय."

त्याच्या अंगठ्याला शाई लावली तेव्हा बोट धरून ठेवावं लागलं. जबाबात हवालदारांनी तेच लिहिलं, अंधार होता.

गावात कोणी गाडी देईना. शेवटी पाटलांनी स्वतःची दिली, तीही हुकूम म्हटल्यावर. पोराला आणि बाईला आत निजवलं. मी आणि पोरगी कडेला बसलो. बाप मागं चालत होता. वाटेत समोरून एक गाडी आली. गाडीवानानं विचारलं, "काय झालं गा?"

"पटकी," हवालदार म्हणाले. त्यानं बैल शेतात घातले. बाप मागून त्याला ओरडून सांगू लागला, "माह्या लेकरायनं बाई वाचवली! गावानं मारली, माह्या लेकरायनं वाचवली!"

"गप चाल ना बाप्पा," हवालदार म्हणाले.

"काहून गप? दुसऱ्याचं पोट्टं शाळेत पास झालं तं गावभर गूळ वाटते. मी बोलू बी नाही?"

पुढं जो भेटला त्याला त्यानं हेच सांगितलं. कोणी थांबून ऐकलं नाही. वाशीमच्या अलीकडे पोरगी माझ्याकडे पाहून म्हणाली, "मावशी, याचे हात थंडे पडले." मी हात लावून पाहिला. तिला म्हटलं, बाबाला सांगू नको इतक्यात, चालू दे त्याला. दवाखाना येईपर्यंत तो मागून बोलतच होता.

त्याच रात्री पोरगीलाही उलट्या सुरू झाल्या.

पुढं खटला उभा राहिला. मार खाल्लेल्या बाईनं कोर्टात सांगितलं, मी तोंड झाकलं होतं, मला कोणी दिसलं नाही. गावातल्या बायका ओसरीत जे बोलल्या त्यावरून तिथं फिरल्या, आणि पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्ट मानत नाही. भावाकडून ऐकलेलं बहिणीनं सांगून चालत नाही, असं वकील म्हणाला. पण भावानं सांगितल्यावर ती शिवेकडे धावली होती, आणि तेव्हाही दगड मारत असलेले तिघं तिनं स्वतः पाहिले होते. त्यांची नावं तिनं घेतली, त्यांच्याकडे बोट करून घेतली. तिघांना शिक्षा झाली. पहिला दगड मारणारी सुटली. तिच्याबद्दल मला आजही काही म्हणायचं नाही. मूल पुरलेली बाई होती ती.

पोरगा बोलला होता तेच खरं झालं. त्या गावानं त्यांना राहू दिलं नाही. विहीर बंद केली, वाट बंद केली. बाप वावर सोडून किन्हीराजा गावाकडे सालगडी म्हणून राहिला. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या ओट्यावर तो शिपायांना, पक्षकारांना, पाणी पाजणाऱ्याला धरून सांगत होता की माझ्या लेकरांनी बाई वाचवली. लोक त्याला वेडा समजत होते. तो वेडा नव्हता. त्याच्याकडे सांगायला तेवढंच होतं आणि ऐकायला कोणी नव्हतं. त्या दिवशी मी उभी राहून सगळं ऐकून घेतलं. आधी आलेला राग तेव्हा राहिला नव्हता.

ठाण्यात इतकी वर्षं काढली, पण या प्रकरणानं एक गोष्ट शिकवली ती दुसऱ्या कोणत्या प्रकरणानं नाही. ज्यांनी दगड मारले त्यांनी एका प्रश्नात कबूल केलं, लिहून घ्या म्हणाले. ज्यांनी जीव वाचवला ती दोन पोरं मात्र खोटं बोलली. बैल आहे म्हणाली, अंधार होता म्हणाली. तेव्हापासून कोणी घाबरून खोटं बोललं की तो गुन्हेगारच असेल असं मी धरलं नाही. त्यानं घरात काय लपवलं असेल ते आधी पाहायचं.

त्या झोपडीत आम्हाला चार माणसं सापडली होती. त्यातली तीन जगली, बाप, पोरगी आणि ती मोगलाईतली बाई.