मावशीने शिवलेली पृथ्वी

मावशीच्या हातात कोट द्या नाहीतर उशीचा अभ्रा, ती आधी तो उलटा करून पाहणार. वरून सगळेच गोड दिसतात, खरं काय ते शिवणीला माहीत, असं तिचं म्हणणं. माणसांनाही ती असंच उलटंपालटं करून बघते, म्हणून नातेवाईक तिला जरा वचकून असतात.

तिची लेक, म्हणजे माझी मावसबहीण, फार लांबच्या देशात राहते. ताईला दिवस गेले आणि तिने आईला बोलावलं. मावशी नाही म्हणाली. एवढ्या लांब आपल्याच्याने जाववणार नाही, म्हणे. तिला धीर यावा म्हणून मी जगाचा मोठा नकाशा आणून शिलाई मशीनसमोरच्या भिंतीवर लावला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. नकाशा अमेरिका मधोमध धरून छापलेला, त्यामुळे आमचं गाव निघालं नकाशाच्या डाव्या कडेला आणि ताईचं बेट उजव्या. मधे अख्खं जग. मावशीने टेप लावून अंतर मोजलं आणि गप्प बसली. मला माझ्या शहाणपणाचा राग आला.

पण गप्प राहील ती मावशी कसली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, पृथ्वी गोल ना, मग हे असं सपाट कसं? गोल अंगावर सपाट कापड बसवायचं तर कुठे चुण्या पडतात, कुठे ताणावं लागतं. हा नकाशा वरच्या बाजूला नक्की ताणलाय, म्हणाली. शाळेत हेच मी पाठ केलं होतं. कळलं मात्र तेव्हा, तिच्या मशीनपाशी.

मग आम्ही दोघंही नकाशा गोल करायच्या मागे लागलो. तिने नकाशा पांढऱ्या कापडावर उतरवला, टोपीला पाडतात तशा निमुळत्या कळ्या पाडल्या, वरचं जादा कापड शिवणीत घेतलं आणि तो अंगरखा माझ्या जुन्या फुटबॉलवर चढवला. बर्फाचे अवाढव्य देश पार आक्रसले. मावशी खूश. मग ती ताईला शोधू लागली, तर बेटच गायब. नेहमीच्या सवयीने तिने कडेचं कापड आत दाबलं होतं, त्यात बेटही गेलं.

तिचा चेहरा उतरला. तिने तेवढी शिवण उसवली, कडेला शिवणीपुरती पट्टी जोडली आणि बेट बाहेर ठेवून पुन्हा शिवलं. आता दोन्ही कडा शेजारी आल्या होत्या. तिने आमच्या गावावर अंगठा टेकवला आणि करंगळी ताणली. ती ताईच्या बेटाला लागली.

"वीतभरच आहे की रे," ती म्हणाली. हात मात्र बराच वेळ उचलला नाही.

मग टेप गळ्यात अडकवत म्हणाली, "ताईला कळव. म्हणावं, बाळाचे कपडे विकत आणू नकोस. माप मी तिथे येऊन घेणार आहे."