चष्मे लपवणारा जॉबर

आमच्या सोलापुरातल्या गिरणीत मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरला लपवाछपवीची खोड होती. जुने विणकर शिकवत नसत आणि आम्ही नवे विचारत नसू. मग तो त्यांचे चष्मे लपवायचा, म्हणजे धागा ओवायला त्यांनी आम्हाला बोलवावं. आमचे पाने-पक्कड लपवायचा, म्हणजे आम्ही त्यांच्याकडे मागायला जावं. वर तंबाखू मळत साळसूदपणे विचारायचा, "कुटं ठिवलं व्हतं की?"

एके दुपारी शेजारच्या मागावरच्या काकांनी त्याला बोलण्यात गुंतवलं आणि त्याने पुसायला काढलेला चष्मा मी पळवला.

चाचपडत तो जवळ आला. आम्ही दोघंही हसू दाबत होतो.

"जमलं म्हनायचं तुमचं. लई दिस लावले की," तो म्हणाला, आणि खिशातून काकांचा सकाळी हरवलेला चष्मा काढून त्याने स्वतःच्या डोळ्यांवर चढवला.