सासूबाईंचं तूप

एका भाऊबीजेला मी निवृत्त पोलीस निरीक्षकाला भांग खाऊ घातली. तीही सासूबाईंच्या हातून.

सासूबाईंचे गुडघे सतत ठणकत. सदाशिव पेठेतल्या वैद्यांनी विजयेचं तेल लिहून दिलं. विजया म्हणजे भांगच. पण औषध म्हणून चिठ्ठीवर रीतसर मिळते. (कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, पानांचं, म्हणजे भांगेचं, प्रकरण वेगळं.) मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक. हे सगळं मी त्यांना सविस्तर समजावलं.

"भांग? मी? शिमगा आहे का?" विषय संपला.

पण गुण येतो तो भांगेतल्या ज्या द्रव्याने, ते तुपात छान विरघळतं! सासूबाईंचं सोवळ्याचं तूप वेगळ्या भांड्यात असतं. त्याला दुसरं कुणी हात लावत नाही. (मी लावला.) रोज चोरून थेंब घालायला नकोत, म्हणून भाऊबीजेच्या सकाळी बऱ्याच दिवसांचं तेल एकदमच ओतलं.

दुपारी त्यांचे धाकटे भाऊ जेवायला आले. हे आमचे मामा. नोकरीत गांजा पकडण्यात हातखंडा! सासूबाईंनी लाडक्या भावासाठी स्वतःचं भांडं काढलं आणि पुरणपोळीवर धार धरली.

"आई, नको!" मी ओरडलो.

"का? तुमचं संपतंय?"

भांडं रिकामं झालं. खाल्लेली भांग उशिरा चढते, हे मला ठाऊक होतं. कदाचित चढणारच नाही, अशा आशेवर मी गप्प बसलो!

संध्याकाळी ओवाळताना मामा हसू लागले. "ताई, ज्योत केवढी लांब गं!" मग रडले. मग छातीवर हात ठेवला. "धडधडतंय."

"अहो, बघताय काय? ॲम्ब्युलन्स बोलवा!" बायको किंचाळली.

"मामांच्या तुपात विजया होती," मी म्हणालो. "मी घातली."

मामांनी एक डोळा उघडला. "चिठ्ठी कुणाच्या नावाची?"

"आईंच्या."

"आणि खाल्लं मी! जावईबापू, तुम्हाला अटक आहे." माझं मनगट धरून ते उठले आणि माझ्याच खांद्यावर झोपले.

शेजारच्या डॉक्टरांनी नाडी, रक्तदाब तपासला. "झोपू द्या, उतरेल," म्हणाले.

"मी नाही म्हटलं होतं ना हो?" सासूबाई एवढंच म्हणाल्या.

मामा सकाळी ठणठणीत उठले. पण आजही मी पाण्याचा पेला पुढे केला, की सासूबाई म्हणतात, "आधी तुम्ही." मी निमूटपणे घोट घेतो आणि मेलो नाही, हे सगळ्यांना नीट दिसेपर्यंत तिथेच उभा राहतो.