आईला सीगल दाखवायचे होते

आई गेल्यावर दहाव्या दिवशी मी एका कावळ्याशी खोटं बोलले.

पुण्यात घाटावर पिंड ठेवून आम्ही ताटकळत उभे होतो. कावळा समोरच्या पत्र्यावर, आमच्याकडे पाठ करून! (आई रुसली की अशीच बसायची.) "ताई, भावजींना आम्ही सांभाळू," मामा म्हणाला. कावळा ढिम्म. "तुमची पैठणी जपून ठेवू हो वन्सं," मामी म्हणाली. कावळ्याने पंख खाजवला. मागे दुसरी मंडळी खोळंबलेली, गुरुजींच्या कपाळाला आठ्या. शेवटी घाबरून मी ओरडले, "आई, चल सिंगापूरला! तुला सीगल दाखवते!" आणि कावळा भुर्रकन खाली आला की हो!

आता सीगलच का? तर आईचं आमच्याकडे यायचं तिकीट काढलेलं होतं. "तुमच्याकडे समुद्र आहे, म्हणजे सीगल असणारच," असं तिने पुण्यात बसून परस्पर ठरवून टाकलं होतं. मीही म्हटलं, असतील. मग तिचे गुडघे, मग दवाखाना, आणि मग सगळंच राहून गेलं. सिंगापुरात सीगल सहसा दिसतच नाहीत, हे मला कुठे माहीत? मी आयटीतली बाई, मला कबुतरसुद्धा जरा विचार करून ओळखावं लागतं.

बाबांनी मात्र तो शब्द मनावर घेतला. डिसेंबरात ते सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटवर आले ते दुर्बीण, स्वेटर आणि कानटोपी घेऊन. "पाहुणे पक्षी थंडीतच येतात," म्हणाले. (आमच्याकडची थंडी म्हणजे पंखा पाचवरून तीनवर!) बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला आईचा फोटो. घरात ते जवळजवळ मुकेच झाले होते. वाढलं तेवढं जेवायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. बोललेच तर एवढंच, "सीगलचं काय?"

मी आज-उद्या करत राहिले. परत जायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "तिला शब्द दिलाय आपण. तो पुरा केल्याशिवाय मी त्या रिकाम्या घराचं कुलूप कसं उघडू?" म्हटलं, आज काहीही पांढरं दिसू दे, त्याला सीगल करायचंच!

बाबा, मी आणि माझी दहा वर्षांची इरा, असे आम्ही तिघं सेम्बावांगच्या बीचवर गेलो. बाबा कानटोपीसकट!

"बाबा, तो बघा सीगल!"

"बगळा आहे." दुर्बीण न लावताच.

"मग तो, पाण्यावर बसलाय तो?"

"थर्माकोल."

"तो वरचा? पांढऱ्या पोटाचा?"

"समुद्रगरुड. तुझी आई घाबरेल त्याला."

मी घसरून बदकांवर आले. "बरं, सीगल राहू दे. ते काळं समुद्री बदक बघा, कसं छान डुलतंय!"

"तो बोया आहे. दोरीने बांधलाय."

"आई, हिअर गॉट नो सीगल, लाह," इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "आय चेक्ड ऑलरेडी." (पोटची पोर!)

संपलंच. आता बाबा चिडणार, म्हणून मी मान खाली घातली. बाबांनी कानटोपी काढली, पिशवीतून आणलेला टॉवेल सोडला, आईचा फोटो समुद्राकडे तोंड करून कठड्यावर ठेवला आणि तिच्याशीच बोलायला लागले.

"अगं, इथे सीगल नाहीत. पोरीने थाप मारली. पण तिचं घर बघितलंस ना? ओट्यासमोर खिडकी आहे, तुला हवी तशी. नात इंग्रजीत उलट उत्तरं देते. जावई रोज भांडी घासतो, आणि बरी घासतो! तुला कुठले गं सीगल? तुला हेच बघायचं होतं." इतक्या दिवसांत न बोललेला माणूस थांबेचना. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "झालं हो पुरं. ती बघून गेली."

पुण्यात मी रडले नव्हते. दाखले, फोन, आल्यागेल्यांचा चहा, यातच दिवस गेले होते. ते सगळं रडं आत्ता आलं, आणि कसलं! हुंदके काय, नाक काय! बाकावरच्या एक चिनी आजी टिश्यूचं पाकीट घेऊन धावत आल्या. "व्हाय? व्हाय क्राय?"

इराने पुढे होऊन खुलासा केला, "शी वाँटेड टू सी सीगल. बट नो सीगल."

आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "अय्यो, नेव्हर माइंड लाह. नेक्स्ट टाइम गो झू."

मी मुकाट्याने मान डोलावली. चाळिशी उलटलेली एक बाई सीगल दिसला नाही म्हणून भर बीचवर भोकाड पसरून बसली होती, असं त्यांनी घरी जाऊन सांगितलं असणार. सांगू देत बापड्या! या वयात आई हवी म्हणून रडतेय, हे परक्या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा सीगल परवडला!