साचिको-सान आणि गाळलेलं प्रकरण

साचिको-सान गेल्याचं मला जर्सी सिटीला घरी परतताना, ट्रेनमध्ये उभं असताना कळलं, तेही त्यांच्या अमेरिकन प्रकाशकाच्या पोस्टमधून. 'आमच्या लाडक्या लेखिका', आणि लगेच खाली स्मृती-आवृत्तीची जाहिरात. डोकंच फिरलं माझं. ज्यांनी या बाईंच्या कादंबरीतलं अख्खं प्रकरण गाळलं, त्यांनी त्यांना लाडक्या म्हणावं? पण हा संताप लिहायला बसलो की महिनाभर हात अडत होता. कारण ते प्रकरण सगळ्यांत आधी मी गाळलं होतं.

त्या इकडेच, अमेरिकेतल्या ॲन आर्बर या गावी राहायच्या. यजमान विद्यापीठात संशोधक, मुलगी एमी शाळेत, आणि चाळिशीत या बाईंनी जपानमधल्या एका स्पर्धेला कादंबरी पाठवली. तिकडे लाइट नॉव्हेल म्हणतात तो प्रकार : तरुणांसाठीची, मधेमधे चित्रं असलेली, खंडामागून खंड येणारी अद्भुतकथा. मिठागरांच्या राज्यातली एक तलवारबाज पोरगी. कादंबरी गाजली, मग तिची चित्रमालिका, म्हणजे मांगा निघाला, त्याच्या संहिताही त्याच लिहीत. टोकियोतला संपादक दर खंडाला आणखी एक राक्षस मागायचा. त्या म्हणायच्या, राक्षसांना काय तोटा, विद्यापीठाच्या पार्ट्यांना जातेच की मी.

मी जपानी पुण्यात शिकलो, नोकरीसाठी. पुढे इथे आल्यावर टोपणनावाने या कादंबऱ्या इंग्रजीत करून नेटवर फुकट टाकू लागलो. चाहत्यांमध्ये ही रीतच आहे. परवानगी नसते, प्रेम असतं, असं आम्ही म्हणायचो. चौथ्या खंडात ती पोरगी युद्ध सोडून घरी येते आणि आजारी आईचे केस धुते. बस, एवढंच. त्याच महिन्यात माझी आई पुण्याला अंथरुणाला खिळली होती, आणि गेलो नि परतीच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर नोकरी जाईल, म्हणून मी गेलो नाही... नाही गेलो, ते नाहीच गेलो. ती पानं माझ्याच्याने होईनात. मी खाली टीप टाकली, 'या प्रकरणात काही घडत नाही, म्हणून वगळलंय.' वाचकांनी आभार मानले, यार, चक्क आभार! पुढे अमेरिकन प्रकाशकाने इंग्रजीचे हक्क घेतले तेव्हा, नेटवरच्या वाचकांना त्या प्रकरणाशिवायच गोष्ट आवडलीये, म्हणून त्यांनीही ते उडवलं.

साचिको-सानची ओळख त्यानंतरची, ॲन आर्बरच्या लायब्ररीतल्या एका कार्यक्रमातली. नंतर कित्येक वर्षं त्यांच्या घरी चहा प्यायलो, पण ते टोपणनाव माझं, हे कधी सांगितलं नाही. "कुलकर्णी-सान, तुमचं जपानी बोलणं बँकेच्या पत्रासारखं आहे," म्हणून चिडवायच्या. शेवटच्या भेटीत, हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर, त्यांनी हळूच विचारलं, "ते प्रकरण इतकं वाईट होतं का हो?"

मी म्हटलं, "प्रकाशकांना काय कळतंय!"

हे खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त नीच होतं.

स्मृती-आवृत्तीत तरी ते प्रकरण घ्या, भाषांतर मी करून देतो, असं मी प्रकाशकाला कळवलं. उत्तर आलं : वाचकांना सवय आहे तोच मजकूर ठेवू. सवय! ती सवय कुणी लावली, हे मला कुणी विचारलं नाही. म्हणून गेल्या आठवड्यात एमीला फोन करून सगळं सांगितलं. ती इंग्रजीत म्हणाली, "आई ते पुन्हा पुन्हा लिहीत होती. त्यात काहीतरी घडायला हवं म्हणून... अगदी शेवटपर्यंत." एरवी ती मला काका म्हणते. या वेळी म्हणाली नाही.

तिला जपानी वाचता येत नाही. शेवटच्या खर्ड्याचे फोटो तिने पाठवले आणि आत्ता वाचून दाखवा म्हणाली. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेलो. पोरगी आईच्या केसांना साबण लावते, इतक्यात दार फोडून सैनिक घुसतात, ती तलवार उचलते आणि त्यांच्यामागे धावत डोंगरापर्यंत जाते. लढाई उत्तम लिहिली होती. संपादक खूश झाला असता.

"मग तिच्या आईचं काय?" एमीने विचारलं.

मी सगळे फोटो पुन्हा पाहिले. आई कुठेच नव्हती. पोरगी परत येतच नाही, आणि केसांना साबण तसाच राहतो.