भिंतीपलीकडची भाऊबीज

शहापूर-मुरबाडकडे तुम्ही जागा घेतलीत, कुंपण घातलंत, शनिवार-रविवार येऊन आंब्याच्या कलमांना पाणी घातलंत. त्या जागेतून आधी कोण चालत जायचं, हे तुम्ही कुणाला विचारलं होतंत का?

विचारते आहे, कारण अशाच एका कुंपणावर माझं शिक्षण चाललं आहे. मी पुण्यात आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला आहे. माझे आई-बाबा मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला राखतात. बंगला आमच्या वाडीला लागून आहे, मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत. हे लिहिणं वाडीत राहिलेल्यांसाठी आहे आणि माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्यासाठीही. जागा घेणाऱ्यांनी वाचलं तर बरंच.

मी निघाले त्या दिवशी वाडीत एकच टेम्पो आला होता. त्यात दोन गोधड्या, भांड्यांचं पोतं, आईचा पितळी हंडा आणि माझा नवाकोरा ड्रॉइंग बोर्ड. टेम्पो आधी बंगल्यावर थांबणार, आई-बाबांचं सामान उतरवणार, मग मला मुरबाडच्या स्टँडवर सोडणार. तिथून मी माळशेज चढून पुण्याला. आई घराला कुलूप लावत होती. आमच्या घराला कुलूप लागलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते कुलूपही नवंच आणलं होतं. माझी हिराआत्या, बाबांची थोरली बहीण, वाडीतच नांदते. तिने माझ्या हातावर साखर ठेवली आणि बाबांकडे वळली.

"पोर शिकाया चालली ते समजलं मला. पन तुमी दोघं कुठं चाललात?"

बाबा म्हणाले, "हितंच गो. हाकेवर."

खरंच हाकेवर होतं. वाडीच्या शेवटच्या घरातून हाक मारली की बंगल्यावर ऐकू जाते. पण नोकरीची अटच अशी होती की नवरा-बायकोने रात्रंदिवस तिथेच राहायचं, फाटकाजवळच्या खोलीत. फीमध्ये मला सवलत मिळाली होती. सवलतीत शीट, मॉडेलचा पुठ्ठा, लॅपटॉप आणि खोलीचं भाडं बसत नाही. आमचं भात वर्षभर आमचं पोट भरतं, त्याच्यापुढे काही करत नाही. बाबांनी आटगावच्या गोदामांत विचारून पाहिलं होतं. तिथे त्यांचे पांढरे केस पाहून, आजोबा, तुम्ही घरी बसा, असं सांगितलं. मग हा बंगला.

बाबा कोण होते, ते आता सांगायला हवं. ते जंगल-जमिनीच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेचे कार्यकर्ते होते. जंगलातल्या पायवाटा, पाणवठे, गुरचरण यांवर कुणी तारा ओढल्या की बाबा पत्रकं घेऊन बाजाराच्या दिवशी मुरबाडला उभे राहायचे. उरलेले गठ्ठे घरी तांदळाच्या कणगीशेजारी असायचे, गुलाबी आणि पिवळे. शाळेचं पुस्तक यायच्या आधी मी त्यांवर वाचायला शिकले. माझं अक्षर बाबांनीच वळवलं. मोठ्या कागदावर मजकूर कसा लिहायचा, कुठे ओळ तोडायची, लांबून येणाऱ्याला काय आधी दिसलं पाहिजे, ते सगळं त्यांच्याकडून. "मागायचं नाय, सांगायचं," असं ते म्हणायचे.

बंगल्यावर राहायला गेल्यापासून ते एकाही बैठकीला गेले नाहीत. आई-बाप शिकवतात म्हणजे पैसे पाठवतात, असं आपण सगळे सांगतो आणि मोकळे होतो. माझ्या बापाने मला त्याचं बोलणं विकून पैसे पाठवले. हे शोभेसाठी लिहीत नाही. जसं झालं तसंच सांगते आहे.

पहिली दोन वर्षं बंगल्याला नुसत्या तारेचं कुंपण होतं. मागच्या बाजूने वाडीची जुनी वाट जायची, ओढ्याकडे आणि ओढ्यापलीकडच्या भाताच्या खाचरांकडे. उन्हाळ्यात नळ आटला की प्यायचं पाणीही तिथूनच. त्या जागी बाबांनी तारेला एक काठी बांधून ठेवली होती. बाया यायच्या, काठी वर करायच्या, वाकून जायच्या. बंगल्याच्या मालकांना, म्हणजे साहेबांना, ते दिसत नव्हतं, कारण बाया सकाळी लवकर जायच्या आणि साहेब उशिरा उठायचे.

तिसऱ्या वर्षी साहेबांनी सिमेंटच्या ब्लॉकची भिंत घालायला घेतली, पुरुषभर उंच. साहेब वाईट माणूस नाहीत. बाबांच्या दुखण्याला औषध आणून देतात, माझी चौकशी करतात. बाबांनी त्यांना सांगितलं, "साहेब, हितून बाया जातात. ओढ्यावर." साहेबांनी गाडीतून नकाशा आणला आणि बॉनेटवर पसरला. नकाशात वाट नव्हती. "बाळाराम, पुढून डांबरी रस्ता आहे ना," ते म्हणाले, आणि खरंच रस्ता आहे. त्या रस्त्याने खडीचे डंपर जातात. डोक्यावर भाताचा भारा घेतलेल्या बाईला मान वळवता येत नाही. तिला मागून येणारी गाडी फक्त ऐकू येते.

त्याच महिन्यात कॉलेजात आम्हाला काम मिळालं होतं: मुंबईजवळच्या ग्रामीण भागात वीकएंड होम. हातात आलेली साइटची शीट कोरी होती. कडेने हद्दीची रेघ, वर उत्तरेचा बाण, मध्ये दोन झाडं. मी त्यावर तुटक रेघेने एक पायवाट काढली. सरांनी विचारलं, "ही कुठून आली? सर्व्हेत नाही." मी म्हटलं, सर, वाट सर्व्हेच्या आधी असते. वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, चांगलं आहे, पण मार्क बिल्डिंगला आहेत. मी ती पुसली नाही. मार्क कमी पडले.

भिंत पुरी झाल्यावर हिराआत्याचा फोन आला. बाया दोनदा फाटकावर जाऊन आल्या होत्या. बाबांनी फाटक उघडलं नव्हतं. साहेबांनी सांगून ठेवलं होतं की बागेतून येणंजाणं नको. आत्या म्हणाली, "मी म्हनलं, बाळ्या, साहेबाचं कुत्रं तरी आमाला बघून शेपूट हलवतंय. तू तर वर बी बघंना." मग म्हणाली, "तू लिव्ह गो. तुजं अक्षर बापासारखं हाय. पत्रक लिव्ह."

मी लिहिलं. मोठ्या अक्षरात, हाताने, त्याच रात्री. वाट कधीपासूनची, कोण कोण जातं, भिंतीत कुठे जागा सोडावी. कुणाला शिवी नाही, कुणाला धमकी नाही. फोटो आत्याच्या मुलाला पाठवला. त्याने शहापूरला झेरॉक्स काढल्या, आणि बायांनी त्या फाटकावर आणि भिंतीवर चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. मला वाटलं ओरडतील.

"अक्षर तुजंच हाय."

मी हो म्हटलं.

"मजकूर चांगला हाय. वरची ओळ अजून मोठी पायजे होती. आनि कोपरे सुटले होते. खळ कोपऱ्यापर्यंत लावायची, आत्याला सांग. बाया मधीच लावतात."

मी हातातल्या शीटच्या कडेला लिहून घेतलं: वरची ओळ मोठी, खळ कोपऱ्यापर्यंत. बाबा म्हणाले, "मी काढलंय सगळं. पाणी मारून खुरप्यानं खरवडलं. तुमी परत लावा. मी परत काढीन. तुजं शिक्षन पुरं होईतो काढीन, बाय. मग आपन दोघं मिळून लावू."

मी परत लिहिलं. थांबले असते तर बाबांनी शिकवलेलं सगळं मातीत घातलं असतं. लिहिलं म्हणून त्यांनाच पाणी आणि खुरपं घेऊन भिंतीपुढे बसावं लागलं. ज्या हाताने मला अक्षर शिकवलं त्याच हाताने ते माझी अक्षरं खरवडत होते, आणि त्या खरवडण्याच्या पगारातून माझं खोलीभाडं जात होतं. यातून बाहेर कसं पडायचं, हे मला कुणी सांगावं. नोकरी सोडा, असं मी एकदा म्हटलं होतं. आईने फोन घेतला. "सोडतो. तू घरी येतंस का मग?" एवढंच विचारून तिने फोन परत बाबांकडे दिला.

गेल्या दिवाळीला मी बंगल्यावर होते. साहेब, मॅडम आणि त्यांचे पाहुणे आले होते, म्हणून आई आणि मी पहाटेपासून कामात. पाहुणे असले की बाबांना फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही. भाऊबीज होती. दरवर्षी आत्या फाटकाने आत यायची आणि खोलीच्या उंबऱ्याशी बाबांना ओवाळायची. बाबा टोपी घालून, तिच्यासाठी घेतलेल्या साडीचं पुडकं मांडीवर घेऊन बसले होते. आत्या फाटकावर आलीच नाही.

मग मागच्या भिंतीच्या पलीकडून हाक आली.

"बाळ्याऽ! हाकेवर हायस ना? मग ये."

बाबा उठले. बागेतून, कलमांच्या मधून, व्हरांड्यात बसलेल्या पाहुण्यांच्या समोरून ते मागे गेले आणि भिंतीला तोंड करून उभे राहिले. जिथे पूर्वी काठी बांधली होती बरोबर तिथेच. मी त्यांच्या मागोमाग. पलीकडून बांगड्यांचा आवाज येत होता. तेलवातीचा वास आला.

मॅडम उठून आल्या. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. "बाळाराम, बहीण आहे ना तुमची? मागे का उभी केलीय तिला? आत बोलवा."

भिंतीपलीकडून आत्याच बोलली. "आत नाय येत, मॅडम. मी माज्या वाटंवर उभी हाय. भाऊ माजा वाटंत नाय, त्याला मी काय करू? भिंतीलाच ओवाळते. तीच आडवी हुबी हाय तर तिला तरी बरं चिंतावं."

ताट फिरल्याचा आवाज आला. बाबांनी टोपी नीट केली आणि मान खाली घातली, कपाळ भिंतीला लागेल इतकी. आत्याने पलीकडे ब्लॉकवर कुंकू लावलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते मी पाहिलं, बरोबर बाबांच्या कपाळाच्या उंचीवर. बाबांनी हात वर करून साडीचं पुडकं भिंतीच्या माथ्यावर ठेवलं. पलीकडून हात आला नाही.

मॅडमनी विचारलं, "तिथे मागे काय आहे?"

"वाट होती," बाबा म्हणाले.

"हो? आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "बाबांनी. साहेबांना. भिंतीच्या आधी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. पोर घसरड्या दगडावर पाय टाकतंय आणि आपण दूर आहोत, अशा वेळी बघतात तसं. "बाय, चहाचं बघ," ते म्हणाले.

त्या दिवसाने काही बदललं नाही, हे स्पष्ट लिहिते. नोकरी राहिली. भिंत राहिली. मी पुण्याला परत निघाले तेव्हा साडी भिंतीवरच होती. बाया डांबरी रस्त्यानेच जातात. आत्या अजून बाबांशी बोलत नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. वाडीतलं घर बंद आहे. कूड सारवायला कुणी नाही, एका बाजूने वाळवी वर चढली आहे. सुट्टीत मी बंगल्यावर जाते तेव्हा पाहुणे असले तर खोलीत राहते, पाहुणे गेले की बागेत येते. घर कुठे आहे, असं विचारलं तर मला त्या भिंतीशिवाय दुसरं काही आठवत नाही. अलीकडे बाबा, पलीकडे आत्या. दोघंही माझेच, दोघंही हाकेवर.

यंदा माझं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी कुठल्यातरी ऑफिसात मला कोरी शीट मिळेल, आणि हद्दीच्या रेघेवर भिंत घालायला किती पैसे लागतील, त्याचा हिशोब कुणीतरी मलाच करायला सांगेल. वाडीतून, पाड्यातून शिकायला बाहेर पडलेल्यांनो, ती शीट तुमच्याही हातात येणार आहे. तिथे वाट काढा. सर्व्हेत नसली तरी काढा. हसू देत.

आणि जागा घेतलेल्यांनो, येत्या रविवारी फाटकाने आत जाऊ नका. आधी भिंतीच्या बाहेरून एक फेरी मारा. जिथे गवत उगवलेलं नाही, पायांनी जमीन घट्ट झाली आहे आणि पाऊलवाट तुमच्या भिंतीला येऊन थांबली आहे, तिथे उभे राहा. जवळच्या घरातल्या बाईला विचारा की ही कुठे जाते. राखणदाराला विचारू नका, त्याच्या घरात कुणीतरी शिकत असेल. मग गवंडी बोलवा आणि तेवढीच भिंत पाडा. फार नको. डोक्यावर भारा घेतलेली बाई न वाकता जाईल एवढी जागा सोडा, आणि तिला दार लावू नका.