पाऊस गैरहजर

मागच्या सोयाबीनच्या काढणीपासून कोणी नक्कल करून दाखव म्हणलं की मला कंटाळाच येतो. आधी असं नव्हतं. येरमाळ्याच्या स्टँडवरचा कंडक्टर, आमचे हेडमास्तर, दळणाच्या लायनीत भांडणारी म्हातारी, कोणाचाही आवाज काढायचो. आता दिवसभर घरात बसून पुण्यातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर दुरुस्त करतो. संध्याकाळी स्वतःचाच आवाज निघत न्हाय, दुसऱ्याचा कुठून काढू?

तेव्हा शेजारच्या काकूंची गंज रानात होती. सोयाबीन कापून रचलेलं, मळणी मशीनचा नंबर चार-पाच दिवसांनी. त्यातलंच बियाणं पुढच्या पेरणीला ठेवायचं होतं. झाकून ठेवलं तर आत घाम सुटून बुरशी, उघडं ठेवलं तर पावसाची भीती. रोज सकाळी काकूंचा फोन, "लेकरा, आज पाऊस येतोय का रे?"

म्हणलं, रोज बघत कोण बसणार. फुटक्या काचेच्या जुन्या मोबाईलवर एक प्रोग्राम टाकला. इंटरनेटवरच्या हवामानाच्या सर्व्हरला त्यानं पाऊस विचारायचा आणि काकूंच्या फोनवर आवाजाचा मेसेज धाडायचा. विचारायला जायचं काम एका एचटीटीपी लायब्ररीला दिलं. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला कोड. तिला पत्ता दिला की ती जाऊन विचारते, हातात पडेल ते आणून देते. लई हलकी, म्हणून तर जुन्या मोबाईलवर चालली. जड लायब्ऱ्या नकार मिळाला की बोंब ठोकतात. ही ठोकत न्हाय. आणलेलं उत्तर हाय का नकार, ते तुम्हीच तपासा, असं तिच्या माहितीत लिहिलेलं. मी वाचलं होतं. नंतर बघू म्हणलं.

आवाज दोन भरले. पाऊस असला तर कंडक्टर, "चला, झाका झाका, मागनं पाऊस चढतोय!" नसला तर हजेरी घेणारे हेडमास्तर, "पाऊस... गैरहजर." पहिल्या दिवशी काकू एवढ्या हसल्या की ठसका लागला.

आमच्याकडं रेंजचा भरवसा न्हाय. विचारणं पोचतं, उत्तर अर्ध्यात तुटतं. आणि रानातली रीत अशी की ओ मिळेस्तोवर हाका थांबवायच्या न्हाईत. वडील बांधावरून तेच करतात, पलीकडचा माणूस वैतागून ओ देतो. प्रोग्राम मी तसाच लिहिला. उत्तर न्हाय आलं, लगेच परत विचार. चौथ्या सकाळी त्यानं विचारून विचारून सर्व्हरला भंडावलं. सर्व्हरनं शेवटी चिठ्ठी दिली, फार वेळा विचारलंत, आता थांबा. लायब्ररीनं ती गपचूप आणून दिली. प्रोग्रामनं चिठ्ठीत पाऊस शोधला. सापडला न्हाय. हेडमास्तर बोलले.

मेसेज ऐकून काकू ताडपत्री काढून येडशीला बहिणीकडं गेल्या. दुपारी तीनला पाऊस आला. मी आणि वडील पळत गेलो, पण वाऱ्यानं ताडपत्री हातात टिकेना. गंजीची एक अख्खी बाजू भिजली.

संध्याकाळी काकू आल्या, भिजलेल्या शेंगा चोळत उभ्या राहिल्या.

"आभाळ मला सकाळीच दिसलं होतं रे. तुझ्या मोबाईलनं न्हाय म्हणलं, म्हणून गेले."

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे त्या सर्व्हरनं न्हाय म्हणलंच नव्हतं?"

"न्हाय काकू. त्यानं पावसाचं काहीच सांगितलं नव्हतं."

"मग तुझा मास्तर कशाला बोलला?"

वडील म्हणले, "चला, तोंडं बघत बसू नका, ओलं बाजूला काढा." अंधार पडेपर्यंत ओलं काढलं. तरी ओल आतपर्यंत गेली, दाणे काळे पडले. त्या वर्षी बियाणं घरचं राहिलं न्हाय.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. दोन हाकांच्या मधी थांबायचं आणि उत्तराऐवजी नकार असंल तर तसं सांगायचं. त्यासाठी तिसरा आवाज भरायचा होता. कंडक्टर करून बघितला, हेडमास्तर करून बघितले. कोणालाच ते वाक्य शोभेना. शेवटी कामावरून उठल्या उठल्या, जसा होता तसा माझाच दमलेला आवाज भरला. "काकू, आज मला कळलं न्हाय. आभाळ तुम्हीच बघा."

यंदा गंज परत रानात हाय. काल सकाळी तो तिसरा मेसेज गेला. थोड्या वेळानं काकूंचा फोन आला.

"बघितलं रे बाबा. झाकलंय. तू झोप जरा, आवाज कसा झालाय तुझा."